फलाट दोनवर फ्लॉवर

मावशींनी चपला पायात सरकवता सरकवता सांगितलं. गॅस बंद केलाय, दूध झाकून ठेवलंय, आणि हो, साहेब बोलले आज. सगळं एकाच सुरात, एकाच दमात. मी दारातच होते, एक बूट काढलेला आणि एक पायात. मावशी दिवसभर अण्णांजवळ असतात आणि मी कामावरून आले की निघतात. आमची रोजची भेट ती एवढीच, उंबऱ्यावर, एकीचे बूट निघताना आणि दुसरीच्या चपला चढताना. अण्णांच्या डोक्यात गुठळी अडकली त्याला चार महिने होत आले होते, आणि त्या चार महिन्यांत माझ्या वडिलांच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला नव्हता. घशातून एक आवाज यायचा, लाकडी खुर्ची फरशीवरून ओढल्यासारखा, तेवढाच. मी विचारलं, काय बोलले? मावशींनी पिशवी खांद्याला लावली. "फ्लॉवर," त्या म्हणाल्या. "चांगलं खणखणीत. दुपारी मी तुमचं ते चॉकलेट भरवत होते. तिसरा चमचा घेतला, तोंड असं केलं, आणि म्हणाले, फ्लॉवर. मी म्हटलं, बरं बरं, ताईंना सांगते हं करायला. तर मान फिरवून बसले." आणि त्या जिना उतरायलाही लागल्या. त्यांच्या बसची वेळ झाली होती.

मी तशीच आत गेले. अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर रुमाल, उजवा हात उशीवर ठेवलेला, एखादी वस्तू जपून ठेवावी तसा. मी गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, अण्णा, काय म्हणालात दुपारी? ते माझ्या पायाकडे बघत होते. एकाच पायात बूट होता. मी म्हटलं, काय होतं चॉकलेटात, सांगा ना, मला पण सांगा. त्यांनी माझ्या बुटावरची नजर उचलून माझ्या चेहऱ्यावर आणली, थोडा वेळ ठेवली, आणि पुन्हा बुटावर नेली. बाहेर कुणीतरी गाडीचं दार दोनदा आपटलं. मला आनंद व्हायला हवा होता, आणि तो अजिबात झाला नव्हता. देवा, चार महिन्यांनी तू त्यांना एक शब्द दिलास आणि तो ऐकायला तुला मावशी सापडल्या? आणि तो शब्द तरी कोणता? नाव नाही, हाक नाही, पाणी नाही. तक्रार. तीही माझ्या हातच्या खाण्याबद्दल.

मावशी थापा मारत होत्या असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण त्या चॉकलेटात फ्लॉवर आहे हे या जगात मला एकटीला ठाऊक होतं. मावशींना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांच्या पोटात काही राहत नाही. भरवताना म्हणाल्या असत्या, घ्या साहेब, भाजी आहे आत, पौष्टिक असते. म्हणजे शब्द अण्णांचाच होता. इतका नीट लपवलेला फ्लॉवर त्यांनी अर्ध्या बधिर जिभेनं शोधून काढला होता, आणि मी तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला कानाला फोन लावून बसले होते.

लपवण्याची सुरुवात गिळण्याच्या बाईपासून झाली. इस्पितळातल्या तिच्या हुद्द्याला भलंमोठं नाव आहे, पण आमच्या घरात ती गिळण्याची बाई. बोलणं आणि गिळणं, दोन्ही तिच्याकडे. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, पातळ काही नको, पाणीसुद्धा दाट करून. कण नको, साल नको, धागा नको. चमचा उलटा केला की एका गोळ्यात पडलं पाहिजे, ओघळायला नको आणि चिकटायला नको. अण्णांनी त्या नियमातल्या प्रत्येक लगद्यापुढे तोंड मिटलं. बटाट्यापुढे मिटलं, डाळीपुढे मिटलं, सफरचंदापुढे तर डोळेसुद्धा मिटले. उघडलं फक्त चॉकलेटपुढे. पण नुसतं चॉकलेट जिभेवर वितळून पातळ होतं आणि नको त्या नळीत उतरतं. त्याला आतून धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं, बिनचवीचं, बिनरंगाचं, आणि पोट साफ ठेवणारं. मी बरंच काय काय करून पाहिलं आणि शेवटी फ्लॉवरवर आले.

पहिली खेप फसली. उकळत्या पाण्यावरच्या वाडग्यात चॉकलेट रेशमासारखं फिरत होतं. मी वाफवलेल्या फ्लॉवरचा चमचाभर लगदा घातला, आणि बघता बघता सगळ्याचं ढेकूळ झालं, कोरडं, दाणेदार, चमच्याला दाद न देणारं. चॉकलेटला पाण्याचा थेंब सोसत नाही आणि फ्लॉवर म्हणजे तर नुसतं पाणीच. मग लगदा कापडात पिळायचा, मनगटं भरून येईपर्यंत पिळायचा. तव्यावर कोरडा करायचा, पण रंग येऊ द्यायचा नाही. मिक्सरमधून काढायचा, चाळणीतून घासायचा, पुन्हा मिक्सरमधून काढायचा. मिक्सरचं झाकण दाबून धरलं नाही तर तो भिंतीवर उडतो. एकदा उडालाही. तो डाग मी पुसला नाही, रागानं. मग लोणी, कोको, चिमूटभर मीठ, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून थंड करायला ठेवायचं. सकाळी त्याचे मऊ चौकोन निघतात, चमच्यानं कापले की कड गुळगुळीत राहते. पहिला चौकोन अण्णांनी गिळला आणि आपणहून पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि देवाचं नाव घेतलं. मला जमलं होतं. कुणाला शोधूनही सापडणार नाही असा फ्लॉवर मी चॉकलेटात नाहीसा केला होता.

आणि हे मी कुणाशी करत होते? अण्णा बसस्थानकावर बोलायचे. नोकरीच ती. स्थानकाच्या वरच्या मजल्यावर काचेची एक खोली, तिच्यात एक टेबल, एक माइक आणि अण्णा. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा आहे, कुठली रद्द. शहरातल्या प्रत्येक माणसानं त्यांचा आवाज ऐकलेला आणि एकालाही त्यांचा चेहरा माहीत नाही. दुकानात त्यांनी नुसता साबण मागितला तरी आजूबाजूची माणसं आपल्या पिशव्या चाचपायची. घरीसुद्धा तो आवाज कपड्यांसारखा उतरवून ठेवता येत नसे. जेवणाच्या टेबलावर दादा फलाट एक, मी फलाट दोन, आई फलाट तीन. "फलाट क्रमांक दोनवर लागलेला कोबी, मार्गे जीभ, घसा, पोट, थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी कृपया तोंडं उघडी ठेवावीत." मी हसायला तोंड उघडायचे आणि कोबी सुटायचा. माझ्या मैत्रिणींच्या घरी भाज्या लपवून देत. कुणाची किसून, कुणाची वाटून, कुणाची कशाकशाच्या आत. आमच्या घरी भाजी नाव सांगून यायची. कडू असेल तर कडू म्हणून यायची. अण्णांचा धर्मच तो, लागलंय तेच सांगायचं, लागायला हवं होतं ते नाही.

त्या धर्माचा मला राग होता. आहे. आई इस्पितळात होती तेव्हा मी शाळेत खालच्या वर्गात होते, आणि रोज शाळेतून आले की जिन्याच्या तळाच्या पायरीवर बसून राहायचे. येणारा-जाणारा सांगायचा, येईल हं आई. मामा म्हणायचा, बरी झाली की लगेच येईल. शेजारच्या बाई माझ्या हातात काहीतरी गोड ठेवायच्या आणि म्हणायच्या, येईल गं, आली की तुलाच आधी हाक मारेल. मला ते सगळं आवडायचं. त्या शब्दांना ऊब होती. मग एका संध्याकाळी अण्णा आले, कामाच्या कपड्यांतच माझ्याशेजारी पायरीवर बसले, आणि त्या आवाजात, श्वास जिथे घ्यायचा तिथेच घेऊन म्हणाले, "आई येणार नाही." बस्स. गाडी रद्द. मी त्यांच्या हाताला चावले. त्यांनी हात काढून घेतला नाही. मोठी झाल्यावर एकदा मी विचारलं, एक आठवडा तरी खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं? ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "न लागलेली गाडी लागली म्हणून सांगितली ना बारके, की माणसं सामान उचलून धावतात," ते म्हणाले. "म्हातारी माणसंसुद्धा धावतात. आणि मग रिकाम्या फलाटावर उभी राहतात. मला ती वरून दिसतात गं." मी म्हटलं, दिसू द्यायची. तो विषय तिथे संपला आणि पुन्हा कधी निघाला नाही. पण मी त्यांना ते माफ केलं असं मात्र झालं नाही. आजतागायत नाही.

आणि माझी नोकरी बघा. लिफ्ट अडकली की आतलं लाल बटण दाबतात, तो फोन माझ्याकडे येतो. मी अडकलेल्या माणसांशी बोलते. दुरुस्तीचा माणूस पोचेपर्यंत त्यांना बोलतं ठेवायचं, हेच काम. लिफ्टबद्दल बोलायचं नाही, दुसरं काहीतरी विचारायचं. पिशवीत काय आहे, कुणाकडे निघालात, पायात कुठले बूट आहेत. फ्लॉवरच्याच दिवशी दुपारी एक गृहस्थ आइस्क्रीमचा डबा घेऊन अडकले होते आणि ते वितळतंय म्हणून रडकुंडीला आले होते. मी त्यांना सांगितलं, खाऊन टाका, मी मोजत नाही. ते हसले, आणि मग सुटेपर्यंत लहानपणीच्या बागेतल्या झोपाळ्याबद्दल सांगत राहिले. म्हणजे तिकडे अण्णा फ्लॉवर म्हणत होते तेव्हा मी एका अनोळखी माणसाचा झोपाळा ऐकत होते. आणि सारखं एक वाक्य म्हणत होते, ते आम्हाला शिकवलेलंच आहे: "माणूस निघालाय, पोचतोच आहे." तो निघालेला असो की नसो. बऱ्याचदा तो दुसऱ्याच लिफ्टमध्ये गुडघाभर ग्रीसमध्ये असतो. पण हे वाक्य एका विशिष्ट आवाजात म्हटलं की पलीकडचा श्वास बदलतो, मी ऐकलंय. अण्णांना मी हे कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "निघालेला असतो का पण?" आणि मी उठून पाणी आणायला गेले होते.

मावशींनी फ्लॉवर सांगितला त्या संध्याकाळपासून माझं घर उलटंपालटं झालं. आतापर्यंत मी लपवत होते, आता सापडावं म्हणून करायला लागले. बीट घातलं. चॉकलेट तपकिरीचं जांभळं झालं, मातीचा वास यायला लागला, लहान मुलंसुद्धा डोळे मिटून ओळखतील असं. अण्णांनी खाल्लं. पालक घातला, लाल भोपळा घातला, मटार वाटून, चाळून घातले. प्रत्येक चमच्यानंतर मी त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे, आणि ते माझ्याकडे, आणि मग गिळायचे. त्यांचं ते शांतपणे गिळणं मला सहन होईना. ज्या माणसाला फ्लॉवरचा अंश कळतो त्याला मूठभर बीट कळत नाही? की त्यांना मलाच सांगायचं नव्हतं? कामावरून आल्या आल्या मी मावशींना विचारायचे, बोलले का काही, आणि त्या नाही म्हणाल्या की मला हायसं वाटायचं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. मावशी तर त्या एका शब्दावर गल्ली जिंकून आल्या होत्या. खालच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक, की साहेब मावशींशी बोलतात. एकदा मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही फार टक लावून बघता. कुणी असं बघितलं तर माझा पण घास अडकेल." मी भाजीची पिशवी ओट्यावर जरा जोरात ठेवली.

दादाला फोन केला. तो लांब राहतो आणि लांबून विनोद करतो. म्हणाला, "चार महिन्यांनी तोंड उघडलं ते तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला. म्हणजे डोकं शाबूत आहे." मी हसले नाही तेव्हा म्हणाला, "अगं, तू शब्द कशाला मागतेस? तुझ्याशी ते सगळं बोलून झालेत. मावशी नव्या आहेत." त्याला वाटलं, तो माझी समजूत काढतोय. फोन ठेवल्यावर मी पिळायला ठेवलेला फ्लॉवर कापडासकट इतका आवळला की कापड फाटलं.

सकाळी रेडिओवर एकजण गात गात निरूपण करतो, ते अण्णा आणि मी माझ्या लहानपणापासून ऐकत आलोय. एखादी गोष्ट सांगता सांगता तो मध्येच सूर लावतो, ओळ उचलतो, आणि अखेरच्या शब्दाशी येऊन थांबतो. थांबतो म्हणजे तो शब्द समोर बसलेल्यांच्या ओटीत टाकतो, आणि सगळी माणसं मिळून ती ओळ पुरी करतात. त्या भरलेल्या शब्दासाठी मी ते ऐकते. एकट्यानं म्हटला असता तर साधाच शब्द, पण शेकडो गळ्यांतून आला की अंगावर काटा येतो, आणि देव कुठेतरी मागच्या रांगेत बसून तोही म्हणतोय असं वाटतं. अण्णांना त्यातली कारागिरी आवडायची. म्हणायचे, श्वास बघ कुठे घेतो, शब्दाच्या आधी नाही, शब्दाच्या खूप आधी. मी तेच करून पाहिलं. रेडिओबरोबर ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडून त्यांच्याकडे बघायचं. पहिल्या दिवशी त्यांचे ओठ जुळले. मी पुढे झुकले. ओठ जुळले आणि तसेच राहिले, आणि रेडिओतल्या माणसांनी शब्द म्हणून टाकला, आणि ओळ पुढे गेली. मी रेडिओ बंद केला. नंतर लावला. अण्णांचा काय दोष?

गिळण्याची बाई आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, तुम्ही स्वतः ऐकलंत का? मी म्हटलं, नाही. ती हसली, इस्पितळातली माणसं नातेवाइकांकडे बघून हसतात तसं. मग खुर्ची ओढून बसली आणि सरळ सांगितलं, की गिळणं छान सुधारतंय, ते ती बघत राहील. पण बोलण्याचं काहीच हलत नसेल तर बोलण्याचे धडे पुढच्या खेपेपासून थांबवावे लागतील. तिची वेळ थोडी आहे आणि वाट बघणारे पुष्कळ. शब्द असेल तर ती लढेल. पण कुणीतरी कानांनी ऐकलेला हवा, पुन्हा आलेला हवा. जाताना दारात म्हणाली, "आणि एक करा, शब्द मागू नका. मागितला की पळतो. आला तरी कदाचित भलताच येईल. चमच्याला किल्ली म्हणतील, दिव्याला चहा म्हणतील. घाबरू नका." मी मान हलवली. अडकलेल्या माणसांशी कसं बोलायचं हे ती मला सांगत होती, आणि ते मला पाठ होतं, आणि त्यातलं एकही अक्षर मला माझ्या वडिलांपुढे साधत नव्हतं.

ती पुन्हा यायच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. मावशींनाही मी येऊ नका म्हटलं. आज शब्द आला तर तो माझ्याच कानात यायचा, एवढा मत्सर माझ्यात शिल्लक होता. मी फ्लॉवरचा एक अख्खा गड्डा घेतला. वाफवला नाही, उकळला. इतका वेळ उकळला की घरभर तो वास पसरला, खारट, कोंदट, ओल्या कपड्यांसारखा, पडद्यांना धरून राहणारा. पिळला, चाळला मात्र नेहमीसारखाच. घशाशी खेळ करायचा नव्हता. चॉकलेटचा एकच तुकडा टाकला, नावाला. कोको नाही, लोणी नाही. रंग आला सिमेंटसारखा, कुठे कुठे तपकिरी रेघ. चमचा उलटा करून बघितला. एका गोळ्यात पडला. हे चॉकलेट नव्हतंच. हा फ्लॉवर होता, डोक्यावर पाटी लावून समोर उभा. आता तरी सांगा, अण्णा. यात ओळखायचं काही ठेवलेलंच नाही.

दुपारचं ऊन त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. मी स्टूल ओढून समोर बसले, वाटी माझ्या मांडीवर. वाटी जवळ आली तसं त्यांचं नाक आक्रसलं. मी ते पाहिलं. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिला चमचा घेतला. तोंडात फिरवला, हनुवटी छातीकडे झुकवली, शिकवलं होतं तसं गिळला. मी थांबले. दुसरा दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, वासानं असेल. तिसरा दिला. तिसऱ्यालाच तर मावशींना शब्द मिळाला होता. तिसराही गेला खाली. आणि माझ्या तोंडून, ठरवलेलं नसताना, निघालं, "फलाट क्रमांक दोनवर लागत आहे..." आणि मी ओळ सोडली. श्वास धरून बसले. त्यांचे ओठ हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं आणि माझा आवाज फाटला. मी वाटी खिडकीच्या कट्ट्यावर आपटली, चमचा उडून खाली पडला.

"सांगा ना," मी म्हटलं. "मावशींना सांगता येतं. आईच्या वेळी बरं सांगता आलं. तेव्हा मी नको नको म्हणत होते तरी सांगितलंत. आज मी मागतेय तर नाही."

बोलले आणि हात तोंडावर गेला. पण ते शब्द खोलीत होते आता, फ्लॉवरच्या वासाबरोबर, आणि तसेच कशाकशाला धरून राहणारे. अण्णा माझ्याकडे बघत होते. इतक्या महिन्यांत त्यांची नजर अशी एका जागी राहिलेली मी पाहिली नव्हती. डाव्या हातानं त्यांनी कट्ट्यावरची वाटी जवळ ओढली. त्यात वाकून पाहिलं, सावकाश, वरच्या काचेतून फलाटावर बघावं तसं. सिमेंटच्या रंगाचा तो गोळा. मग मान वर केली आणि वाटी माझ्या बाजूला सरकवली, फलाट दोनकडे. त्यांची छाती भरून आली. मला कळलं, हा श्वास शब्दाच्या खूप आधी घेतलेला आहे.

"चॉ," ते म्हणाले. मग थांबले. जबड्याचा उजवा कोपरा ओढला गेला. "चॉकलेट."

आवाज खणखणीत नव्हता. खरखरीत होता, बंद राहिलेल्या माइकमधून पहिल्यांदा येतो तसा. पण प्रत्येक अक्षर आपापल्या जागी होतं. मी जमिनीवरचा चमचा उचलला, पुसलाही नाही, आणि वाटीतलं ते तोंडात घातलं. फ्लॉवर. जिभेच्या टोकापासून घशापर्यंत नुसता फ्लॉवर, वर थोडं मीठ, आणि कुठेही, कुठेही चॉकलेट नाही. गिळण्याची बाई म्हणाली होती, भलताच शब्द येईल. चमच्याला किल्ली म्हणतील. उद्या ती विचारेल, ऐकलात का, आणि मी सांगेन, ऐकला. बरोबर होता का, विचारेल. तेव्हा तिला काय सांगायचं ते मला ठाऊक नाही. पण अण्णा वाटीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते, शब्द पोचला का, माझा श्वास बदलला का, ते बघत होते. आणि तो आवाज मला ओळखीचा होता. रोज आठ तास मी तोच काढते. माणूस निघालाय, पोचतोच आहे. त्यांच्याकडून मी तो जन्मात कधी ऐकला नव्हता. वरून सगळं दिसत असताना, फलाटावर काय लागलंय ते नीट दिसत असताना, माझ्या वडिलांनी मला न लागलेली गाडी लागली म्हणून सांगितली होती.

"हो अण्णा," मी म्हटलं. "चॉकलेटच."

आणि जिन्याच्या तळाच्या पायरीवर इतकी वर्षं बसलेली मी उठले, होतं नव्हतं ते सामान उचललं, आणि धावले.